नव्वद मीटरचा पट्टा

जहाजावर सगळे तिला ताई म्हणायचे. कप्तान तिच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा, पण तोसुद्धा ताईच म्हणायचा. ताईचं काम समुद्राच्या तळाखाली केबल पुरायचं. किनाऱ्यापासून तीस किलोमीटर आत, भर पाण्यात पवनचक्क्या उभ्या केल्या होत्या आणि त्यांची वीज जमिनीवर आणायला पोटरीएवढी जाड केबल तळावर अंथरली होती. ती तशीच उघडी ठेवली तर कुणाचं जाळं अडकणार, कुणाच्या जहाजाचा नांगर अडकणार. म्हणून ती दीड मीटर खाली गाडायची.

ताई स्वतः पाण्यात उतरत नसे. डेकवरच्या लोखंडी खोलीत आठ पडद्यांसमोर बसून ती खालचं यंत्र चालवायची. यंत्र ट्रकएवढं. रणगाड्यासारखं साखळ्यांवर चालणारं. केबल दोन पायांच्या मधे घ्यायचं आणि पुढचे दोन लांब नळ वाळूत खुपसायचं. नळांना खालपासून वरपर्यंत भोकं होती. त्यांतून पाण्याचे फवारे असे सुटायचे की वाळू पातळ व्हायची आणि केबल आपल्याच वजनाने खाली बसायची. माणसांनी या यंत्राचं नाव म्हैस ठेवलं होतं, कारण एकदा चिखलात बसली की ती उठायचं नाव घेत नसे.

कडक माती लागली की म्हशीचं काही चालायचं नाही. मग करवतीसारख्या दातांची साखळी असलेलं दुसरं यंत्र उतरवायचं. लांबलचक मोकळा तळ असेल तर जहाजामागे नांगर ओढायचा. हा नांगर जमीन उकरायचा. जहाज थांबवायचा तो वेगळा. पहिल्या आठवड्यात नव्या माणसाची यावरून हमखास फजिती व्हायची. आणि यातलं काहीच जमलं नाही तर केबलवर दगडांची रास ओतून मोकळं व्हायचं.

ताई मच्छीमाराच्या घरातली. तिचा मोठा भाऊ, दादा, अजूनही वडलांच्या पश्चात घेतलेली बोट चालवायचा. पवनचक्क्यांचं बांधकाम सुरू झालं तेव्हा तिथलं मासेमारीचं क्षेत्र दोन हंगाम बंद ठेवलं गेलं आणि नेमकं त्याच वर्षी ताईला या जहाजावर नोकरी लागली.

"आमच्या समुद्रात खड्डे करायला चाललीस?" दादाने विचारलं होतं.

"खड्डे बुजवायलाच चाललेय," ती म्हणाली होती.

"जा मग. बुजव."

त्यानंतर दोन वर्षं तो तिच्याशी चकार शब्द बोलला नाही. दादाचा स्वभाव तिला पाठ होता. तो ओरडला तर तासाभरात विसरायचा, पण गप्प बसला की संपलं. वहिनी बाजारात भाजी घ्यायला बाहेर पडली की फोन करायची आणि घरची सगळी खबर एका दमात सांगून टाकायची. "ठेवते गं, मेथी संपेल," म्हणून फोन बंद.

तर त्या वर्षीचं काम शरद ऋतूच्या शेवटी आटोपत आलं होतं. बाराव्या आणि तेराव्या पवनचक्कीमधला शेवटचा तुकडा राहिला होता. हवामानाचा अंदाज असा की दुपारी चारपर्यंत समुद्र शांत, मग मोठ्या लाटा, आणि त्यानंतर आठवडाभर यंत्र पाण्यात सोडायची सोय नाही. सगळ्यांना घराची ओढ लागलेली. ताईलाही होतीच.

दोन वाळूच्या उंचवट्यांच्या मधे मऊ गाळाची एक घळ होती. म्हैस तिथे उतरली आणि पडद्यावरचा आकडा एकदम बदलला. घळीच्या तोंडाशी केबल तळाखाली चाळीसच सेंटिमीटर दाखवत होती, ती दोन मीटर पुढे गेल्यावर एक मीटर साठ झाली. नव्वद मीटर अंतर तेवढीच राहिली. घळ संपली तसा आकडा नेहमीच्या दीड मीटरवर आला.

ताईने भुवई वर केली. शेजारी मोजणीचा जबाबदार माणूस बसला होता. त्याला सगळे मापाडी म्हणायचे.

"एवढी पटकन खाली गेली?" ती म्हणाली.

"गाळ आहे ना," मापाडी म्हणाला. "लोण्यासारखा मऊ. गेली असेल."

नियम असा होता की असा उडी मारणारा आकडा दिसला, तर गढूळ पाणी खाली बसू द्यायचं आणि यंत्र परत फिरवून दुसऱ्यांदा मोजायचं. त्याला पाच तास लागले असते. घड्याळात दीड वाजला होता. वरून कप्तानाने विचारलं, "ताई, किती वेळ?"

तिने पडद्यावरचं "मान्य" हे बटण दाबलं. "झालं. वर घ्या."

साडेतीनला म्हैस डेकवर आली, चारला लाटा आल्या. जेवणाच्या खोलीत लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताईच्या मनात तो आकडा दोनदा-तीनदा येऊन गेला. मग घरी जायची आवराआवर सुरू झाली आणि तो मागे पडला.

हिवाळा सरला. केबल पुरल्याचा अहवाल मंजूर झाला आणि मासेमारीचं क्षेत्र पुन्हा खुलं झालं. बंदरावर जागोजागची खोली लिहिलेला नकाशा लागला: इथून इथपर्यंत केबल किमान दीड मीटर खाली आहे, वरून जाळी ओढायला हरकत नाही. दादाने तो नकाशा नीट वाचला, आपल्या वहीत आकडे उतरवून घेतले आणि पहिल्याच आठवड्यात बोट बाहेर काढली.

त्या दिवशी ताईचं जहाज तिथून अकरा किलोमीटरवर दुसऱ्या रांगेत काम करत होतं. दुपारी अडीचच्या सुमारास कप्तानाचा आवाज आला, "ताई, जरा वर या. लगेच."

वर रेडिओवर दादाचा आवाज होता. दोन वर्षांनी ती तो ऐकत होती. तो कप्तानाला सांगत होता की जाळं तळाशी कशात तरी अडकलंय, बोट मागे खेचली जातेय, लाटा मागून चढतायत. बोटीवर तो धरून तिघं होते. जागेचे आकडे कप्तानाने कागदावर लिहून घेतले होते. ताईने कागद पाहिला. बारा आणि तेराच्या मधे. घळ.

तिने रेडिओ हातात घेतला.

"दादा, मी बोलतेय. विंचने जाळं ओढतोयस का?"

क्षणभर नुसती खरखर. मग, "ओढणारच ना! जाळं सोडून देऊ?"

"हो. ओढू नकोस. ब्रेक सोड आणि वायर जाऊ दे पाण्यात."

"अख्खा हिवाळा बसून विणलंय ते. मी आणि तुझ्या वहिनीने. बोटं सोलवटली तिची."

"मला माहितीय."

"तुला काय माहितीय?"

"दादा, तू केबलला अडकलायस. ती तुटणार नाही, तुझी बोट बुडेल. जितकं ओढशील तितकं मागचं टोक खाली जाणार. पाणी आत येतंय का?"

मागे कुणीतरी ओरडत होतं. मग दादा हळू आवाजात म्हणाला, "येतंय."

"दोघांना पुढच्या बाजूला पाठव. लाइफ जॅकेटं घाला. आणि ब्रेक सोड. चिंगी सांगतेय, ऐक."

सेहेचाळीस वर्षांच्या बाईने कप्तानासमोर स्वतःला चिंगी म्हटलं, पण त्या खोलीत कुणीही हसलं नाही. रेडिओवर विंचचा कर्कश आवाज आला, तो वाढत गेला आणि अचानक थांबला.

"गेलं," दादा म्हणाला. "सगळं गेलं. बोट सरळ झाली."

कप्तानाने तिच्या हातातून रेडिओ काढून घेतला आणि बोटीला बंदरापर्यंत सोबत द्यायला जवळची गस्तीची नाव पाठवली. इकडे बाराव्या पवनचक्कीपासून पुढच्या अकरा चक्क्या बंद पडल्या होत्या. केबल ताणली गेली होती.

चार दिवसांनी किनाऱ्यावरच्या कार्यालयातून प्राथमिक अहवाल आला. त्यात लिहिलं होतं की केबल एक मीटर साठ सेंटिमीटर खोल होती. बोटीने ठरवून दिलेल्यापेक्षा जड फळ्या वापरल्या आणि त्यांनी तळ उकरून केबल वर काढली. फळ्या म्हणजे जाळ्याचं तोंड उघडं ठेवायला दोन बाजूंना लावतात त्या. एवढ्या फळ्यांनी दीड मीटर तळ उकरला जात असता, तर आम्हाला म्हैस कशाला हवी होती, असं ताईच्या मनात आलं. दादाच्या फळ्या जन्मात बोटभराच्या वर रुतल्या नसतील, फार तर वीतभर.

ती मापाड्याकडे गेली. तो जेवत होता.

"घळीची नोंद काढ," ती म्हणाली. "कच्ची. सगळी."

"आत्ता?"

"जेवून घे. मग काढ."

तो अर्धं ताट टाकून उठला. दोघं पडद्यासमोर बसले. यंत्राला तळ किती अंतरावर आहे हे आवाजाच्या प्रतिध्वनीवरून कळायचं. आवाज खाली सोडायचा, तो तळावर आपटून परत येतो, त्यावरून अंतर. त्याशिवाय यंत्रावर पाण्याचा दाब मोजणारं दुसरं उपकरण होतं. त्यावरून यंत्र स्वतः किती खोलीवर आहे ते समजायचं. मापाड्याने दाबाची नोंद घेतली, त्यावर केबल टाकण्याआधी केलेल्या पाहणीतला तळ काढला आणि त्याच्यावर त्या दिवशीचा प्रतिध्वनीचा तळ ठेवला. दोन्ही रेषा एकमेकींवर नीट बसत होत्या. फक्त घळीत नव्वद मीटर त्या दुभंगत होत्या. प्रतिध्वनीची रेषा सव्वा मीटर वर उचलली गेली होती.

मापाड्याने दुभंगलेल्या जागेवर बोट ठेवलं.

"गाळाचा ढग," तो म्हणाला. "फवाऱ्यांनी गाळ उडाला आणि ढग इतका दाट झाला की आवाज त्याच्यावरूनच परत फिरला. यंत्राला वाटलं, हाच तळ. म्हणून केबल सव्वा मीटर जास्त खोल दिसली."

"म्हणजे खरी किती?"

"पस्तीस सेंटिमीटर. फार तर चाळीस. हिवाळ्यात वरचा गाळ वाहून गेला असेल, तर काहीच नाही." त्याने चष्मा काढला. "ताई, लोण्यासारखा मऊ म्हणणारा मी होतो."

"बटण मी दाबलं."

"तरी पण."

"तुला दोन मुली आहेत, पुढची पंचवीस वर्षं हेच काम करायचंय. तू फक्त रेषा दाखव. त्या खऱ्या आहेत एवढं सांग."

चौकशी तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत झाली. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, भिंतीवर पवनचक्क्यांचा मोठा फोटो. समोर सुरक्षा विभागाच्या प्रमुख बाई बसल्या होत्या आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना दोघं. बाई शांत बोलायच्या. ताईने सगळं पहिल्यापासून सांगितलं: आकड्याची उडी, दुसरी मोजणी, घड्याळ, बटण. मापाड्याने रेषा दाखवल्या.

बाईंच्या डाव्या हाताचे गृहस्थ म्हणाले, "तो बोटवाला तुमचा भाऊ आहे ना?"

"सख्खा."

"मग हे सगळं तुम्ही त्याला वाचवायला सांगताय, असं कुणी म्हटलं तर?"

"म्हणतील. म्हणू देत," ताई म्हणाली. "तुम्ही माझं काहीच ऐकू नका. दाबाची नोंद माझ्या हातात नव्हती, ती उपकरणाने आपोआप केली आहे. ती घ्या आणि बाहेरच्या कुणाकडूनही तपासून घ्या. आणि भाऊ आहे म्हणून एक सांगते: जागेचे आकडे कागदावर पाहिले, तेव्हा मला आधी बोटच दिसली. हा आकडा मला तेव्हाही आठवला. कुणा दुसऱ्याची बोट असती तर कदाचित मी मूग गिळून बसले असते. ते मला माहीत नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं.

"पाच तास होते का तुमच्याकडे, त्या दिवशी?" त्यांनी विचारलं.

"नव्हते. पण 'अपूर्ण' असं लिहायला एक मिनिट लागलं असतं."

बाईंनी नोंद बाहेर तपासायला पाठवली. तीन आठवड्यांनी उत्तर आलं आणि ते मापाड्यासारखंच होतं. अहवाल बदलला. बोटीवरचा ठपका काढला गेला आणि गेलेलं जाळं भरून द्यायचं ठरलं. दरम्यान कॅमेरा खाली सोडला तेव्हा घळीत केबल तळाच्या वर पडलेली दिसली. नव्वदातली साठ मीटर उघडी, आणि तिच्यावर दादाचं जाळं गुंडाळलेलं. तेवढा तुकडा बदलून पुन्हा पुरला. या वेळी म्हैस दुसऱ्याने चालवली. ताईला सहा महिने यंत्रावर बसायला मनाई झाली होती.

ते सहा महिने तिने किनाऱ्यावर, खिडकी नसलेल्या एका खोलीत काढले. काम एकच: मागच्या दोन वर्षांतल्या सगळ्या नोंदी काढून अशा आणखी जागा शोधायच्या. सुरुवातीला तिला तोंडात मारल्यासारखं वाटायचं. लोक येता-जाता जरा जास्तच गोड बोलायचे. तिसऱ्या आठवड्यात तिला दुसरी जागा सापडली, तेराच मीटरची. मग आणखी दोन. त्यांतली एक तिच्या पाळीतली नव्हतीच. त्या संध्याकाळी ती बाहेर पडली, तेव्हा पुष्कळ दिवसांनी तिला भूक लागली.

दादाकडे ती त्याआधीच जाऊन आली होती, चौकशीच्या दुसऱ्या दिवशी. दार वहिनीने उघडलं आणि तिला घट्ट धरलं. दादा स्वयंपाकघरात टेबलाशी बसून बोटीचा पंप खोलून बसला होता. वर्तमानपत्रावर नट-बोल्ट ओळीने मांडलेले.

"बस," तो मान वर न करता म्हणाला.

ती बसली. "माझी चूक होती, दादा. नकाशावरचा आकडा मी दिलेला होता."

"वहिनीने सांगितलं."

"मी तुला स्वतः सांगायला आलेय."

त्याने एक वॉशर उजेडाकडे धरून पाहिला. "आकडा मी वहीत उतरवून घेतला होता. एक मीटर साठ. मी पोरांना म्हटलं, चिंगीची माणसं आहेत, नीट पुरलं असणार. बिनधास्त सोडा जाळं." त्याने वॉशर पुसला. "दोन वर्षं तुझं नाव काढलं नाही मी घरात. आणि तुझ्याच भरवशावर गेलो."

ताईला रडू आवरेना. वहिनी गॅसपाशी पाठमोरी उभी होती, ती तशीच उभी राहिली.

"ब्रेक सोड म्हणालीस ना, तेव्हा पाणी घोट्यापर्यंत होतं," दादा म्हणाला. "मी सोडला नसता. कप्तानानेही आधी तेच सांगितलं होतं."

"मग का सोडलास?"

"काय माहीत. तू लहानपणी असंच ओरडायचीस. झाडावर चढलो की खालून." त्याने वॉशर कागदावर ठेवला. "राग गेलेला नाही माझा. तेही सांगून ठेवतो."

"राहू दे."

"जाळं भरून मिळेलही म्हणतात. पण ते तसं नसणार."

"नाही," ताई म्हणाली. "तसं नसणार."

वहिनीने तिच्यापुढे ताट ठेवलं. तिघं जेवले, आणि जेवताना दादा पंपाबद्दलच बोलत राहिला.

पुढे मच्छीमारांच्या संस्थेने सभा बोलावली. सापडलेल्या चारही जागांची माहिती कुणीतरी प्रत्यक्ष येऊन द्यावी, अशी त्यांची मागणी होती. कार्यालयातल्या लोकांनी गोड शब्दांतलं एक पत्रक तयार केलं होतं. सुरक्षा विभागाच्या बाईंनी ते बाजूला ठेवलं आणि ताईला विचारलं, "तुम्ही जाल?"

सभागृहात साठेक माणसं होती. बऱ्याचशा बाया. दादा मागच्या रांगेत, हाताची घडी घालून. ताईने नकाशा फळ्यावर लावला, पण पहिली पाच मिनिटं तिला कुणी बोलूच दिलं नाही. एक म्हातारे तांडेल, बोटीवरचे जुने म्होरके, उभे राहिले. त्यांच्या दोन्ही कानांत यंत्रं होती, त्यामुळे ते ओरडूनच बोलायचे.

"आम्हाला सांगा, ही खोली मोजली कुणी?"

"मी," ताई म्हणाली.

"आणि ती चुकली कुणाची?"

"माझी."

सभागृहात कुजबुज झाली. म्हाताऱ्यांनी हात कानामागे धरला. "काय म्हणाली?"

शेजारच्या बाईने त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, "म्हणतेय, माझीच चुकली."

म्हातारे खाली बसले नाहीत. त्यांनी ताईकडे नीट पाहिलं, मग खिशातून चष्मा काढून लावला.

"मग आता उरलेल्या तीन कुठे आहेत ते सांगा," ते म्हणाले. "हळू सांगा. लिहून घ्यायचंय."

खुर्च्या सरकल्याचे आवाज झाले. कुणी वह्या काढल्या, कुणी फोन. ताईने कागद हातात घेतला आणि पहिल्या जागेचे अंश, मग मिनिटं, मग सेकंद वाचायला सुरुवात केली. प्रत्येक आकडा दोनदा. मधेच एक बाई म्हणाली, "थांबा, पेन चालत नाही," आणि ती पेन मागून घेईपर्यंत सगळे थांबले.